मॉनिटर घ्यायला जाताना एक मराठी पीडीएफ पेनड्राइव्हवर न्या

मी साताऱ्यात घरूनच प्रूफं तपासायचं काम करते, म्हणजे दिवसातले सात-आठ तास स्क्रीनवर मराठी मजकूर वाचत बसायचं, त्यामुळं आमच्याकडे नात्यागोत्यात कुणालाही मॉनिटर घ्यायचा झाला की फोन मला येतो. परवा मामेभावाचा आला. ताई, दुकानदार म्हणतोय हा एलईडी आहे, घेऊन टाकू का? त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहिते, कारण पहिल्यांदाच मॉनिटर घेणारे बहुतेक जण ह्याच प्रश्नावर अडकतात आणि मग चार-पाच वर्षं ज्याच्याकडे बघायचंय ती वस्तू दहा मिनिटांत उचलून आणतात.

आधी एलईडी म्हणजे काय ते बघू

आज नवीन मॉनिटर घ्यायला गेलात तर जवळजवळ सगळेच एलईडी असतात, त्यामुळं "एलईडी आहे" हे ऐकून काहीच ठरत नाही. समोरचा पडदा एलसीडीच असतो. त्या पडद्याला स्वतःचा उजेड नसतो, मागून उजेड द्यावा लागतो, आणि तो मागचा उजेड एलईडीचा, म्हणजे त्या बारीक इलेक्ट्रॉनिक दिव्यांचा असला की त्या मॉनिटरला एलईडी म्हणतात, एवढंच. पूर्वी मागं सीसीएफएलच्या बारीक नळ्या असायच्या, आपल्या ट्यूबलाइटच्याच भाऊबंद, त्यात थोडा पारा असायचा, सकाळी चालू केल्यावर पूर्ण उजेड यायला वेळ लागायचा, आणि वर्षं गेली की पांढरं पान पिवळट दिसायला लागायचं.

एलईडी आले आणि मॉनिटर पातळ झाले, हलके झाले, गरम कमी व्हायला लागले, बटण दाबलं की लगेच पूर्ण उजेड. पारा गेला. हे फायदे खरेच आहेत. ह्या पांढऱ्या एलईडीच्या आत मुळात निळा एलईडी असतो आणि त्याच्यावर पिवळसर फॉस्फरचा (उजेड पडला की स्वतः उजळणाऱ्या पदार्थाचा) थर, दोन्ही मिळून पांढरा उजेड. तो निळा एलईडी बनवणं इतकं अवघड होतं की त्यासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा ह्या तिघांना २०१४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

तोटेही आहेत, ते दुकानात कुणी आपणहून सांगत नाही. स्वस्त मॉनिटरमध्ये एलईडीची पट्टी फक्त कडेला असते, बहुतेक वेळा खालच्या, आणि तिथला उजेड आतल्या एका पारदर्शक पत्र्यातून सगळीकडे पसरवलेला असतो, त्यामुळं काळ्या स्क्रीनवर कोपऱ्यात उजेडाचे डाग दिसू शकतात. दुसरा तोटा लुकलुकण्याचा, त्याच्यावर पुढं नीट लिहिते कारण माझे स्वतःचे डोळे त्यात गेले होते, म्हणजे महिनाभर चुरचुरत होते. तिसरा असा की काळा रंग खरा काळा होत नाही, मागं दिवा चालूच असतो ना. रात्री खोलीत अंधार करून सिनेमे बघणाऱ्याला ते जाणवतं, माझ्यासारख्या पांढऱ्या पानावर काळी अक्षरं वाचणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही.

ओएलईडी ही वेगळी गोष्ट. तिथं मागं दिवा नसतो, प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, काळा अगदी काळाकुट्ट. पण महाग आहे आणि एकच चित्र महिनोन्महिने एका जागी राहिलं तर त्याचा डाग कायमचा पडू शकतो, आणि ऑफिसकामात खालचा टास्कबार दिवसभर जागचा हलत नाही. रोज आठ तास वर्ड नाहीतर टॅली उघडं ठेवणाऱ्याला मी साधा एलईडीच घे म्हणते.

टेबल मोजा, मग दुकानाची पायरी चढा

हे फार जण विसरतात. आपल्याकडे अजून घरोघरी ती जुनी कॉम्प्युटर टेबलं आहेत, वर प्रिंटरसाठी फळी, खाली सरकणारा कीबोर्ड ट्रे, ती टेबलं जुन्या डबा मॉनिटरच्या मापाची आहेत. २४ इंची मॉनिटरचा नुसता पडदा साधारण ५३ सेंटीमीटर रुंद आणि ३० सेंटीमीटर उंच असतो, २७ इंचीचा ६० बाय ३४. त्याच्यावर कडा आणि खालचा स्टँड धरला तर वरच्या फळीला डोकं आपटायची पाळी येते. इंच म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं तिरकं माप, रुंदी नव्हे, हेही लक्षात असू द्या.

टेबलाची खोली पण मोजा. म्हणजे खुर्चीत बसल्यावर तुमच्या डोळ्यांपासून पडदा कुठं येणार ते. हात लांब केल्यावर बोटांची टोकं जिथं जातात साधारण तेवढ्या अंतरावर पडदा हवा. टेबल अरुंद असेल आणि मॉनिटर भिंतीला टेकवूनही दोन फुटांच्या आत येत असेल तर २७ इंचीचा हट्ट सोडा, मान इकडून तिकडं फिरवून जीव जाईल.

साइज आणि रिझोल्युशन एकत्रच बघायचं

इथं जरा थांबते, कारण मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे आणि ह्याच्यावर मराठीत कुणी फारसं बोलत नाही.

इंग्रजी अक्षर एका ओळीत सुटसुटीत बसतं. आपलं अक्षर उभं वाढतं. "र्कीं" घ्या, खाली मूळ अक्षर, वर रफार, वेलांटी आणि अनुस्वार, सगळं एकमेकांच्या डोक्यावर. "ष्ट्रू" घ्या, जोडाक्षर आणि त्याच्या खाली उकार. विंडोजमध्ये स्केलिंग (अक्षरं-चिन्हं मोठी करून दाखवायची सोय) शंभर टक्क्यांवर आणि बारा पॉइंटचं अक्षर ठेवलं तर साधारण सोळा पिक्सेलांच्या, म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्यांच्या, उंचीत हा सगळा संसार मांडायचा असतो, अनुस्वाराच्या वाट्याला दोन-तीन पिक्सेल येतात. ते पिक्सेल मोठे आणि विरळ असले की अनुस्वार आणि रफार एकमेकांत मिसळतात, आणि बरोबर "शुद्ध" आहे का चुकीचं "शुध्द" आहे ते कळायला पुढं वाकावं लागतं.

म्हणून एका इंचात किती पिक्सेल बसतात ते बघायचं. फुल एचडी म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० पिक्सेल, ह्यालाच रिझोल्युशन म्हणतात. ते २१.५ इंची पडद्यावर असेल तर इंचाला साधारण १०२ पिक्सेल पडतात, २४ इंचीवर ९२-९३, आणि २७ इंचीवर जेमतेम ८२. पिक्सेल तेवढेच, फक्त ताणून मोठे केलेले. २७ इंचीवर २५६० बाय १४४०, ज्याला दुकानात क्यूएचडी किंवा टूके म्हणतात, ते घेतलं तर १०९ पडतात, आणि २७ इंची फोरकेवर (३८४० बाय २१६०) १६३.

मी तीन वर्षांपूर्वी ऑफर बघून ऑनलाइन २७ इंची फुल एचडी मागवला होता, मोठा पडदा म्हणजे डोळ्यांना आराम असं वाटलं होतं. आठवड्याभरात कडा दातेरी दिसायला लागल्या, आणि एका दिवाळी अंकाच्या प्रूफात "शुध्द" माझ्या नजरेतून तसाच छापायला गेला, लेखकांचा फोन आला तेव्हा मला खरंच फार वाईट वाटलं. तो मॉनिटर आता भाच्याकडे आहे, तो त्यावर गेम खेळतो, लांबून बघतो, त्याला काही त्रास नाही. म्हणजे वस्तू वाईट नव्हती, माझ्या कामाची नव्हती.

हे सुद्धा खरं की साठीच्या पुढच्या काही लोकांना २७ इंची फुल एचडीच बरं वाटतं, अक्षर आपोआप मोठं दिसतं आणि दातेरी कडा त्यांना जाणवत नाहीत. माझ्या सासऱ्यांना तोच आवडला होता. ते पेपर वाचतात, प्रूफं नाही.

तर नवख्या माणसाला माझं सांगणं असं, बजेट कमी असेल तर २४ इंची फुल एचडी (खोक्यावर बहुतेक २३.८ लिहिलेलं असतं, तेच ते), बजेट असेल तर २७ इंची क्यूएचडी. फोरके सुंदर दिसतं, त्याला विंडोजमध्ये स्केलिंग दीडशे टक्क्यांवर ठेवावं लागतं आणि काही जुनी सॉफ्टवेअरं, मुख्यतः जुनी डीटीपीची (छपाईसाठी पानं मांडायची), त्यात धूसर नाहीतर बारीक दिसतात. ती वापरत असाल तर आधी कुणाच्या तरी मशिनवर बघून घ्या.

आणि हो, टीव्ही मॉनिटर म्हणून वापरू का, हे दर दुसरा माणूस विचारतो. ३२ इंची एचडी रेडी टीव्हीचं रिझोल्युशन १३६६ बाय ७६८ असतं, म्हणजे इंचाला पन्नासच्या आत पिक्सेल. हातभर अंतरावरून वाचायला ते अजिबात चालत नाही.

आयपीएस, व्हीए, टीएन

एलसीडी पडद्याचे हे तीन प्रकार. टीएन सगळ्यात जुना आणि स्वस्त, वरून किंवा खालून बघितलं की रंग उलटेपालटे होतात. व्हीएचा काळा रंग छान गडद असतो, कॉन्ट्रास्ट (म्हणजे पांढरा काळ्यापेक्षा किती पट उजळ) साधारण ३०००:१ असतो, पण बाजूने बघितलं तर रंग फिके पडतात आणि काळं अक्षर वेगाने वर-खाली सरकवलं की मागं सावलीसारखी शेपटी दिसते. आयपीएसचा कॉन्ट्रास्ट साधारण १०००:१, काळा थोडा राखाडी, पण कुठूनही बघा रंग तोच. लांबलचक पीडीएफ वरखाली करत वाचायची, दोघांनी मिळून एका स्क्रीनवर बघायचं, फोटो नीट दिसायला हवेत, ह्या सगळ्याला आयपीएस. अंधारात सिनेमा हेच मुख्य काम असेल तर व्हीए. टीएन आता घेऊ नका.

पडदा किती रंग दाखवतो त्याची एसआरजीबी आणि एनटीएससी ही मापं. खोक्यावर "एसआरजीबी ९९ टक्के" असं काहीतरी असतं, ते चांगलं. "एनटीएससी ७२ टक्के" म्हणजे जवळपास तेवढंच. "एनटीएससी ४५ टक्के" दिसलं तर रंग फिके येणार, लग्नाचे फोटो बघताना सगळ्यांचे चेहरे आजारी दिसतात.

बाकी खोक्यावर जे मोठ्या अक्षरात असतं त्यातलं बरंच सोडून द्या. एक कोटीला एक डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, त्याला काही अर्थ नाही. एक मिलिसेकंद रिस्पॉन्स (ठिपक्याला रंग बदलायला लागणारा वेळ), गेम खेळत नसाल तर सोडा. एचडीआर (उजळ-गडदमधला फरक जास्त दाखवायची सोय) सपोर्ट, २५० निट्सच्या (निट्स म्हणजे पडद्याच्या उजेडाचं माप) स्वस्त मॉनिटरवर त्याने चित्र सुधारत नाही, उलट विंडोजमध्ये ते चालू केलं की रंग उडालेले दिसतात. घरातल्या कामाला २५० निट्स उजेड पुरतो, खिडकी समोर असेल तर ३००-३५० बघा. रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा नव्याने काढलं जातं ते, ७५ किंवा १०० हर्ट्झ आता स्वस्तातही मिळतो, ६० च्या मानाने पान सरकवताना गुळगुळीत वाटतं, मिळाला तर घ्यावा, त्याच्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

दुकानात करायच्या तीन गोष्टी

शक्यतो दुकानात जाऊन, चालू मॉनिटर बघून घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोड आहेच, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत जाता येतं, नाहीतर आपल्या गावातलं कॉम्प्युटरचं दुकान. मागवायचा ऑनलाइनच असला तरी आधी तेच मॉडेल कुठंतरी डोळ्यांनी बघा.

पहिली गोष्ट, पेनड्राइव्हवर एक मराठी पीडीएफ न्या, काळ्यावर पांढरी नको, साधी पांढऱ्यावर काळी, दहा आणि बारा पॉइंटची. मी माझ्या फाइलमध्ये असे शब्द घालून ठेवलेत: शुद्ध, शुध्द, उद्ध्वस्त, राष्ट्र, स्त्रियांनी, ह्रस्व, दृष्टी, कर्तृत्व, वर्षांनी, ॲडमिशन. शंभर टक्क्यांवर ठेवून रोज बसता तेवढ्या अंतरावर खुर्ची घ्या आणि पाच मिनिटं वाचा. दुकानदार घाई करतो, करू द्या. पुढं न वाकता पहिल्या दोन शब्दांतला फरक कळला, "वर्षांनी" मधला रफार आणि अनुस्वार सुटे दिसले तर तो पडदा वाचायला चांगला.

दुसरी गोष्ट लुकलुकणं. एलईडीचा उजेड कमी करायचे दोन मार्ग आहेत, एकतर त्याला करंटच कमी द्यायचा, नाहीतर एलईडी सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करायचा म्हणजे डोळ्याला एकूण उजेड कमी वाटतो. दुसरा मार्ग स्वस्त. जुन्या सीसीएफएल नळ्यांच्या मॉनिटरमध्येही असं व्हायचं, पण त्यांचा फॉस्फर सावकाश विझायचा म्हणून ते तितकं टोचायचं नाही, एलईडी मात्र क्षणात पूर्ण बंद होतो. सगळ्यांना ह्याचा त्रास होत नाही, ज्यांना होतो त्यांची दुपारनंतर डोकेदुखी सुरू होते आणि कारण सापडत नाही. मला होतो. तपासायची रीत सोपी आहे: स्क्रीनवर पूर्ण पांढरं पान उघडा, ब्राइटनेस वीस टक्क्यांवर आणा (पूर्ण ब्राइटनेसवर लुकलुकणं बहुतेक दिसतच नाही, म्हणून कमी करणं महत्त्वाचं), आणि पडद्यासमोर एक पेन उभं धरून पंख्यासारखं जोरात हलवा. पेनाची सलग धूसर पट्टी दिसली तर ठीक. सुट्या सुट्या चार-सहा पेनांची रांग दिसली तर तो मॉनिटर लुकलुकतोय. खोक्यावर "फ्लिकर फ्री" लिहिलेलं असलं तरी मी पेन हलवूनच बघते.

तिसरी, पूर्ण काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा अशी पाच चित्रं पेनड्राइव्हवर ठेवा, मोबाइलवरच बनवता येतात, आणि एकेक करून पूर्ण पडद्यावर लावा. एखादा ठिपका रंग बदलत नसेल तर तो मेलेला पिक्सेल. काळ्या चित्रावर कोपरे बघा. डोकं हलवल्यावर चकाकीही हलत असेल तर ती आयपीएसची स्वाभाविक चकाकी, जागची हलत नसेल तर ती उजेडाची गळती. थोडी गळती जवळपास सगळ्यांत असते, रोजच्या उजेडात दिसत नसेल तर सोडून द्या. आणि मोबाइलने फोटो काढून घाबरू नका, अंधारात कॅमेरा ती गळती आहे त्यापेक्षा खूप जास्त दाखवतो. एखाद-दुसरा मेलेला पिक्सेल असला तर बऱ्याच कंपन्या बदलून देत नाहीत, किती असले तर देणार ते पैसे द्यायच्या आधी विचारा.

स्टँडही हलवून बघा. स्वस्त मॉनिटरचा स्टँड नुसता मागं-पुढं झुकतो, वर-खाली होत नाही. वर-खाली होणारा मिळाला तर थोडे जास्त पैसे द्या, हे पैसे मी कधीही योग्यच समजते. नसेल तर मागं चार भोकं आहेत का बघा, चौकोनात ७५ किंवा १०० मिलिमीटर अंतरावर, म्हणजे पुढं मॉनिटर धरणारा वेगळा हात बसवता येतो. काही स्वस्त मॉडेलमध्ये ती भोकं मुळात नसतात.

विजेचा हिशोब

एलईडीने वीज वाचते हे खरं, किती वाचते ते बघू. २४ इंची एलईडी मॉनिटर साधारण २० वॉट घेतो, त्याच आकाराचा जुना नळीवाला ४५ च्या आसपास. रोज आठ तास, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर एलईडीचे चार युनिट होतात आणि जुन्याचे नऊ. पाच युनिट वाचले, दहा रुपयांनी धरले तरी पन्नास रुपये महिना. तेव्हा जुना मॉनिटर धड चालत असेल, पान पिवळं दिसत नसेल, तर नुसत्या विजेसाठी बदलू नका, पैसे वसूल व्हायला बारा ते सोळा वर्षं जातील.

ज्यांच्याकडे लाइट सारखी जाते त्यांना मात्र हा फरक मोठा आहे. छोट्या यूपीएसवर पीसी आणि मॉनिटर दोन्ही असतात, तिथं पंचवीस वॉट कमी झाले तर फाइल सेव्ह करून नीट बंद करायला चार मिनिटं जास्त मिळतात. आमच्याकडे पावसाळ्यात ती चार मिनिटं फार उपयोगी पडतात.

आयुष्याचं म्हणाल तर बऱ्याच पॅनेलच्या एलईडीला ३०,००० तास दिलेले असतात, म्हणजे तेवढ्या वेळाने उजेड निम्म्यावर येतो. रोज आठ तासांनी वर्षाचे २,४०० झाले, बारा वर्षं आरामात. त्याच्या आधी पॉवर सप्लायच जातो बहुतेक. मॉनिटर कधी अचानक काळा पडला, पण लाइट लागलेला आहे आणि आवाज येतोय, तर खोलीत अंधार करून पडद्यावर तिरका टॉर्च मारा. अंधुक का होईना चित्र दिसलं तर पडदा शाबूत आहे, नुसता मागचा दिवा गेलाय, आणि टीव्ही दुरुस्त करणारे चांगले मेकॅनिक ते काम करतात. फेकून देऊ नका लगेच.

केबलीचं आधी ठरवा

तुमच्या सीपीयूच्या मागं कुठलं सॉकेट आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढून दुकानात न्या. एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट असेल तर काहीच प्रश्न नाही. नुसतं निळं व्हीजीए असेल तर मॉनिटरलाही व्हीजीए आहे का बघा, हल्ली बऱ्याच नव्यांना नसतं. मग कन्व्हर्टर लागतो, आणि इथं लोक हमखास चुकतात: एचडीएमआयमधून व्हीजीए करणारा वेगळा आणि व्हीजीएमधून एचडीएमआय करणारा वेगळा, उलटा लावून चालत नाही. आपल्याला दुसरा हवा, त्याला बहुतेक यूएसबीतून वेगळी वीजही द्यावी लागते. व्हीजीएवर अक्षर किंचित धूसर राहतंच, मॉनिटरच्या मेनूतलं ऑटो ॲडजस्ट एकदा दाबून बघा, बरंच सुधारतं. क्यूएचडी किंवा फोरके घेत असाल तर कॉम्प्युटर तेवढं रिझोल्युशन देतो का हे आधी विचारा.

पैसे, बिल आणि जुना माल

मी लिहितेय तेव्हा २४ इंची आयपीएस फुल एचडी सात ते दहा हजारांत मिळतो आणि २७ इंची क्यूएचडीला पंधरा हजारांच्या पुढं जावं लागतं. सणासुदीला थोडं खाली येतं. ३२ इंचापर्यंतच्या मॉनिटरला जीएसटी १८ टक्के, त्याहून मोठ्यांना २८ होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ झालाय, म्हणजे आता कुठल्याही साइजला "ह्याला टॅक्स जास्त आहे" असं ऐकून घ्यायचं कारण नाही. पक्कं बिल घ्या, बिलावर मॉनिटरचा सिरीयल नंबर लिहून घ्या, आणि वॉरंटी घरी येऊन देतात की आपण सर्व्हिस सेंटरला न्यायचा ते विचारा. साताऱ्याहून पुण्याला मॉनिटर मांडीवर घेऊन एसटीने जायला काय लागतं ते मला विचारा, म्हणून मी घरी येणारी वॉरंटीच बघते. पडदा फुटला तर वॉरंटीत बसत नाही. ऑनलाइन मागवला तर खोका उघडताना सलग व्हिडिओ काढा, आतला पडदा चालू करून दाखवेपर्यंत. कुणी दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, आणि ग्राहक आयोगात तक्रार आता आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते.

कंपन्यांच्या ऑफिसातून निघालेले जुने मॉनिटर लॉटने विकायला येतात, दोन-तीन हजारांत, आणि त्यातले काही खरोखर चांगले असतात, स्टँड तर नव्या स्वस्त मॉनिटरपेक्षा मजबूत. घेताना मागचं लेबल वाचा, त्यावर बनवल्याचं वर्ष असतं. अर्धा तास चालू ठेवायला सांगा. सुरुवातीला अंधुक आणि नंतर हळूहळू उजळला तर तो नळीवाला आहे, दुकानदार काहीही म्हणो. शिकणाऱ्या पोरांना असा जुना एलईडी आयपीएस मिळाला तर मी बिनधास्त घे म्हणते.

घरी आणल्यावर

विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिझोल्युशन त्या पडद्याचं स्वतःचंच ठेवा. अक्षर बारीक वाटतं म्हणून रिझोल्युशन कमी करणारे खूप आहेत, त्याने सगळंच धूसर होतं, अक्षर मोठं करायला स्केलिंग १२५ टक्के करा. मग स्टार्टमध्ये क्लिअरटाइप (अक्षरांच्या कडा नीट दिसायची विंडोजची सोय) शोधून ती पाच पायऱ्यांची निवड एकदा करून घ्या. एचडीएमआय लावल्यावर काळा राखाडी आणि सगळं धुतल्यासारखं दिसत असेल तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये आरजीबी रेंज लिमिटेडवरून फुल करा, मॉनिटर खराब नसतो.

ब्राइटनेस कारखान्यातून भडक येतो. एक कोरा कागद पडद्याच्या शेजारी धरा आणि पडद्यावरचं पांढरं पान त्या कागदाइतकंच उजळ दिसेपर्यंत कमी करत या. दिव्यासारखं दिसत असेल तर जास्त आहे. संध्याकाळी पुन्हा कमी करा. खिडकी पाठीमागं नको आणि समोरही नको, बाजूला असू द्या. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जरा खाली, आणि चष्मा प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल असेल तर आणखी खाली, नाहीतर हनुवटी वर करून वाचत बसाल आणि मान धरेल. निळ्या प्रकाशाच्या चष्म्यावर खर्च करू नका, अमेरिकेतली नेत्रतज्ज्ञांची संघटनाही तो घ्यायला सांगत नाही, डोळे कोरडे पडतात ते पापण्या कमी मिटल्याने. वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवरचं काहीतरी बघा, मी गॅलरीतून समोरच्या आंब्याकडे बघते.

पुसताना बंद करून, कोरड्या मऊ मायक्रोफायबर कापडाने. काच पुसायचा स्प्रे मारू नका, पडद्यावरचा थर जातो.

आणि पावसाळ्यात रात्री दिवा बंद करून काम करू नका. ते तिळाएवढे किडे उजेडाला येतात आणि कडेच्या फटीतून आत, पडदा आणि मागच्या दिव्याच्या मधे शिरतात. अक्षरावर चालणारा ठिपका दिसला तर बोटाने दाबू नका, दाबलात की तो तिथंच मरतो आणि कायमचा पूर्णविराम होऊन बसतो. मॉनिटर बंद करा, शेजारी टेबललॅम्प लावून ठेवा, खोलीतला बाकी उजेड घालवा. माझ्याकडचा सकाळपर्यंत गेलेला होता.